पोप बेनेडिक्ट यांनी ‘खरंच’ राजीनामा का दिला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१३ मध्ये म्हातारपणाचं कारण देऊन पद सोडलं; पण बँकेची भानगड, फुटलेली कागदपत्रं, कार्डिनलांचं कारस्थान असं बरंच कानावर येतं. मग खरं कारण कोणतं? आणि पोपला राजीनामा द्यायला कुणी भाग पाडू शकतं का?

मी चर्चच्या कायद्याचा माणूस. धर्मगुरू झालो, रोमला कॅनन लॉ शिकलो आणि परत आल्यापासून पंचवीस-एक वर्षं चर्चच्या न्यायपीठात बसतोय. तिथे पोपची प्रकरणं येत नाहीत. तिथे येतात नवरा-बायको, ज्यांना आपलं देवळातलं लग्न मुळात झालंच नव्हतं असा निकाल हवा असतो. तरी या प्रश्नाचं उत्तर मी त्याच टेबलावरून देणार आहे. घोळ दोन्हीकडे एकाच जागी होतो.

आधी त्या दिवसाबद्दल. ११ फेब्रुवारी २०१३, सोमवार. व्हॅटिकनला सुट्टी होती, कारण व्हॅटिकनला वेगळं राज्य मानणाऱ्या १९२९ च्या लॅटरन कराराचा तो वर्धापनदिन. लूर्द मातेचा सणही त्याच दिवशी आणि आजाऱ्यांसाठीचा जागतिक दिवसही. सकाळी अकराला कार्डिनलांची, म्हणजे पोपची निवड करणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंची, बैठक होती, तिला कॉन्सिस्टरी म्हणतात. विषय अगदी रुक्ष: काही जणांना संतपद देण्याची तारीख ठरवायची. त्यांत १४८० मध्ये ओत्रांतो गावात तुर्कांनी मारलेले आठशेच्या आसपास हुतात्मे होते आणि लॅटिन अमेरिकेतल्या दोन सिस्टर. तारीख ठरली. कार्डिनल उठायच्या बेतात, आणि पोपनी हातातला एक कागद लॅटिनमध्ये वाचायला घेतला.

निम्म्या लोकांना काय चाललंय ते लगेच कळलंच नाही. कॅमेऱ्याचं चित्र पत्रकारांच्या खोलीत दिसत होतं, पण सुट्टी असल्यानं तिथेही माणसं मोजकीच. आन्सा या इटालियन वृत्तसंस्थेच्या जोव्हाना किर्री तिथे होत्या आणि त्यांना लॅटिन येत होतं. ‘वाढत्या वयामुळे’ असे शब्द त्यांच्या कानावर पडले. ११ वाजून ४६ मिनिटांनी बातमी सुटली. आपल्याकडे तेव्हा सव्वाचार वाजले होते. माझा फोन वाजला तेव्हा मी चहा घेत होतो, आणि पलीकडच्या माणसाला मी म्हणालो, “कुणीतरी तुझी थट्टा केलीय.”

संध्याकाळी देवळाच्या पायरीवर एका आजीनं मला गाठलं. “फादर, येशू क्रुसावरनं खाली उतरला होता का?” नुसता प्रश्न विचारून ती निघून गेली. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. पुढे २७ फेब्रुवारीच्या शेवटच्या जाहीर सभेत बेनेडिक्ट यांनीच ते दिलं: मी क्रूस टाकून चाललेलो नाही, वेगळ्या रीतीनं त्याच्यापाशी राहणार आहे. आजीला ते पटलं असेल असं वाटत नाही.

आता कायदा. पोपच्या राजीनाम्याबद्दल कायद्यात एकच कलम आहे, ३३२ चा दुसरा परिच्छेद, आणि ते जेमतेम एका वाक्याचं आहे. राजीनामा मोकळ्या मनानं दिलेला असावा आणि रीतसर प्रकट केलेला असावा. कुणी तो मंजूर करण्याची गरज नाही. संपलं. कारण सांगा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. वैद्यकीय दाखला नको, नोटीस नको. पोपच्या वर कुणी नाही, त्यामुळे अर्ज द्यायचा कुणाला हा प्रश्नच येत नाही.

बिशपांचं याच्या नेमकं उलट आहे. बिशप पंचाहत्तर वर्षांचे झाले की त्यांनी राजीनामा पोपकडे पाठवावा अशी अपेक्षा असते, पण पोपनी स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस डिसेंबर २०१९ मध्ये पंचाहत्तर वर्षांचे झाले, आणि त्यांचा राजीनामा मंजूर झाला जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे मुंबईच्या आर्चबिशपांना पाच वर्षं थांबावं लागतं, आणि रोमचे बिशप, म्हणजे पोप, कागद वाचून तारीख-वेळ सांगून मोकळे होतात. बेनेडिक्ट यांनी वेळ सांगितली होती: २८ फेब्रुवारी, रात्री आठ. त्या रात्री आठच्या ठोक्याला कास्तेल गांदोल्फोच्या, म्हणजे पोपच्या उन्हाळी मुक्कामाच्या, वाड्याचं दार स्विस गार्डांनी लावून घेतलं आणि ते निघून गेले, कारण ते पोपचे रक्षक आणि आत आता पोप नव्हते.

राजीनामा बाद कधी ठरतो? कलम १८८ सांगतं: अन्यायानं घातलेल्या गंभीर भीतीपोटी दिलेला, फसवणुकीतून दिलेला, मुळातल्या गैरसमजातून दिलेला, किंवा पदाच्या सौद्यातून दिलेला. इथे मला माझं टेबल आठवतं. समजा एका मुलीनं लग्नाला होकार दिला, कारण वडील अंथरुणाला खिळलेले आणि त्यांना डोळ्यांदेखत लेक नांदायला गेलेली पाहायची होती. दुसरीनं दिला, कारण दोन दिवस खोलीला बाहेरून कडी होती. पहिलीच्या मनावर ओझं होतं, पण होकार तिचा होता. दुसरीचा होकार तिचा नव्हताच. पहिलं लग्न उभं राहतं, दुसरं पडतं. वकील मंडळी पुष्कळदा पहिलीचं प्रकरण दुसरीचं म्हणून मांडतात: बघा, किती दडपण होतं! दडपण सगळ्यांवरच असतं. कायदा पाहतो की कडी कुणी घातली होती का.

बेनेडिक्ट यांच्यावर दडपण होतं का? भरपूर होतं. पण दारावर कडी होती याचा पुरावा इतक्या वर्षांत कुणी आणलेला नाही. आणि ते स्वतः त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं जगले, ३१ डिसेंबर २०२२ ला पंचाण्णवाव्या वर्षी वारले. या काळात पत्रं लिहिली, मुलाखती दिल्या, आणि प्रत्येक वेळी सांगितलं की निर्णय माझा, मोकळ्या मनानं घेतलेला. २०१४ मध्ये एका इटालियन पत्रकाराला पाठवलेल्या पत्रात त्यांनी राजीनाम्याच्या वैधतेबद्दलच्या तर्कांना सरळ हास्यास्पद म्हटलं. पांढरा झगा अजून का घालता, असंही त्यानं विचारलं होतं. उत्तर गमतीचं होतं: दुसरे कपडे तयार नव्हते.

आता अफवांकडे येऊ, कारण प्रश्न विचारणाऱ्याला खरा रस तिथेच आहे.

बँकेची गोष्ट घ्या. १ जानेवारी २०१३ पासून व्हॅटिकनमधली कार्डची यंत्रं बंद पडली. इटलीच्या मध्यवर्ती बँकेनं डॉइश बँकेच्या इटालियन शाखेला तिथे ही सेवा द्यायला परवानगी नाकारली होती, कारण पैशाच्या व्यवहारांवरची व्हॅटिकनची देखरेख तिला पुरेशी वाटत नव्हती. संग्रहालय पाहायला आलेल्या पर्यटकांना तिकिटासाठी रोख मोजावी लागत होती. एका स्विस कंपनीमार्फत ही सेवा परत सुरू झाली ती १२ फेब्रुवारीला, म्हणजे राजीनाम्याच्या दुसऱ्याच दिवशी. झालं! यातून गोष्ट तयार झाली की अख्ख्या व्हॅटिकनला जगाच्या बँकव्यवहारातून तोडलं होतं, पोप हटले आणि नळ उघडला. तिकीट खिडकीवरचं कार्डचं यंत्र आणि एखाद्या राज्याचा आंतरराष्ट्रीय बँकव्यवहार यांत फरक आहे की नाही? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, इतकंच. स्विस कंपनीशी करार काही एका रात्रीत होत नाहीत.

फुटलेल्या कागदपत्रांची गोष्ट जास्त गंभीर आहे. पोपच्या टेबलावरची पत्रं बाहेर जात होती आणि मे २०१२ मध्ये ती पुस्तकरूपानं छापून आली. चोर निघाला घरातलाच, पोपना जेवण वाढणारा सेवक पाओलो गाब्रिएले. त्याला अटक झाली, ऑक्टोबरात दीड वर्षाची शिक्षा झाली, आणि २२ डिसेंबरला पोप स्वतः त्याला भेटून माफी देऊन आले. दरम्यान हेरान्झ, तोमको आणि दे जॉर्जी या तीन वयोवृद्ध कार्डिनलांना चौकशीला बसवलं होतं. त्यांचा अहवाल डिसेंबरात पोपच्या हाती पडला. फेब्रुवारीत एका इटालियन दैनिकानं छापलं की तो अहवाल वाचूनच पोपनी जायचं ठरवलं. पुढे मार्चमध्ये नवे पोप फ्रान्सिस त्यांना भेटायला गेले तेव्हा दोघांच्या मधल्या टेबलावर पांढरी पेटी दिसली, आणि त्या फोटोवर लोकांनी किती लिहिलं म्हणता!

माझं मत विचाराल तर या प्रकरणानं राजीनामा लांबला, घडला नाही. २०१० साली छापलेल्या एका दीर्घ मुलाखतीत बेनेडिक्ट यांनी दोन गोष्टी बोलून ठेवल्या होत्या. एक, पोपला शरीरानं, मनानं आणि आत्म्यानं काम झेपत नाही असं स्पष्ट जाणवलं तर पायउतार होण्याचा त्याला हक्क आहे आणि वेळप्रसंगी ते कर्तव्यही ठरतं. दोन, संकट डोक्यावर असताना पळून जाऊ नये. आता तारखा जुळवा. खटला संपला, माफी दिली, अहवाल हातात आला, आणि मग सात-आठ आठवड्यांत राजीनामा. पुढच्या एका मुलाखतीतही त्यांनी तेच सांगितलं, की वादळ शमल्यावरच मी निघालो. घर आवरून किल्ली ठेवणारा माणूस आणि घर जळताना उडी मारणारा माणूस दोघंही घराबाहेरच पडतात, पण त्यांना एकच म्हणायचं का?

सर्वांत चिवट अफवा लॅटिनची आहे. ती माझ्या धंद्यातली, म्हणून जरा थांबतो. कायद्यातलं कलम म्हणतं की पोप आपल्या ‘मुनुस’चा, म्हणजे पदाचा, राजीनामा देतो. बेनेडिक्ट यांनी वाचलेल्या कागदात सोडण्याच्या जागी शब्द आहे ‘मिनिस्तेरियुम’, म्हणजे सेवा किंवा कामकाज. यावरून काही मंडळींनी सिद्धांत उभा केला: त्यांनी काम सोडलं, पद सोडलंच नाही, म्हणजे खरे पोप तेच, आणि फ्रान्सिस खोटे. लॅटिनच्या प्राध्यापकांनी त्या मजकुरात व्याकरणाच्या चुका दाखवल्या, तर म्हणे त्याही मुद्दाम पेरलेल्या. बेनेडिक्ट यांचे सचिव गेन्सवाईन यांनी २०१६ मध्ये एका भाषणात पोपपदाचे दोन भाग असल्यासारखं काहीतरी बोलून या चुलीत आणखी लाकडं घातली.

समजा आपल्याकडच्या एखाद्या संस्थेचे अध्यक्ष सभेत उठून म्हणाले, “मी अध्यक्षपदाची जबाबदारी सोडतोय, २८ तारखेला रात्री आठपासून खुर्ची रिकामी, नवा अध्यक्ष निवडा.” आणि एक सभासद म्हणाला, ते ‘जबाबदारी’ म्हणाले, ‘पद’ म्हणाले नाहीत, तेव्हा अध्यक्ष अजून तेच! सभेत काय होईल? बेनेडिक्ट यांच्या त्याच वाक्याचा उत्तरार्ध सांगतो की त्या वेळेपासून रोमचं आसन, संत पेत्राचं आसन रिकामं होईल आणि नव्या पोपची निवड करण्यासाठी कॉन्क्लेव्ह बोलवावी लागेल. आसन रिकामं म्हटल्यावर पद कुठे उरलं? कायद्याची वाक्यं पूर्ण वाचायची असतात.

भविष्यवाल्यांना एका परिच्छेदात उरकतो. संत मलाखी यांच्या नावावर खपवलेली पोपांची एक यादी १५९५ मध्ये छापली गेली. तिच्या हिशेबानं बेनेडिक्ट यांच्यानंतर एकच पोप आणि मग जगाचा शेवट. मे २०२५ मध्ये लिओ चौदावे निवडून आले आणि यादी संपली. जग चालू आहे. राजीनाम्याच्या संध्याकाळी सेंट पीटरच्या घुमटावर वीज पडली तो फोटो मात्र खरा आहे. त्याच सकाळी कार्डिनल सोदानो म्हणाले होते की ही बातमी म्हणजे निरभ्र आकाशातून पडलेली वीज. संध्याकाळी आभाळ भरून आलेलं होतं, पाऊस होता.

मला यात खरी गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सगळे जण गुप्त अहवाल, गुप्त खाती, गुप्त लॅटिन शोधत बसले. उघड्यावर ज्या खुणा पडल्या होत्या त्या कुणी पाहिल्याच नाहीत. व्हॅटिकनच्या बागेत मातेर एक्लेसिए नावाचा छोटा मठ आहे. तिथे आळीपाळीनं वेगवेगळ्या संघांच्या सिस्टर राहायच्या. २०१२ च्या शेवटी तिथल्या सिस्टर गेल्या, नव्या आल्या नाहीत, आणि गवंडीकाम सुरू झालं. बेनेडिक्ट पुढे याच घरात राहिले. नोव्हेंबरात त्यांनी सहा नवे कार्डिनल नेमले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बावीस जण नेमून झाले होते, एका वर्षात दोनदा असं सहसा होत नाही. आणि या सहांत एकही युरोपी नव्हता. केरळचे क्लीमिस, फिलिपिन्सचे ताग्ले त्यांतलेच. आणखी एक हार्वी, पोपच्या घराचा कारभार पाहणारे अमेरिकन. ते कार्डिनल झाल्यामुळे जी जागा मोकळी झाली तिथे पोपनी डिसेंबरात आपल्या सचिवाला, गेन्सवाईन यांना नेमलं आणि आर्चबिशप केलं. आपल्या पश्चात आपल्या माणसाची सोय लावून ठेवणं हे आपल्याकडच्या कुठल्याही निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांना कळेल. मी तेव्हा हे सगळं वाचत होतो आणि मलाही काही कळलं नाही, हे कबूल करतो.

त्याहून जुनी खूण इटलीच्या अब्रुझ्झो प्रांतातली. ६ एप्रिल २००९ ला लाक्विला शहर भूकंपानं हादरलं, तीनशेहून जास्त माणसं गेली. २८ एप्रिलला बेनेडिक्ट तिथे गेले, पडझड झालेल्या कोल्लेमाज्जो चर्चमध्ये शिरले आणि आपल्या पोपपदाच्या सुरुवातीला खांद्यावर घेतलेलं पॅलियम, म्हणजे अधिकाराची खूण असलेली लोकरीची पट्टी, काचेच्या एका शवपेटीवर ठेवून आले. त्या पेटीत पाचवे सेलेस्टाइन आहेत. आपखुशीनं पायउतार झालेला पोप म्हटला की सगळ्यांना आठवतात ते हेच.

सेलेस्टाइन यांची कथा मी न्यायपीठात नव्या आलेल्यांना हमखास सांगतो. दोन वर्षं कार्डिनलांचं एकमत होईना, म्हणून १२९४ च्या जुलैत डोंगरातल्या गुहेत राहणाऱ्या एका म्हाताऱ्या तपस्व्याला पोप केलं. बिचारा पाच महिन्यांत टेकीला आला. पोप राजीनामा देऊ शकतो का, हे त्यांनी कायद्याच्या जाणकारांना विचारलं, तसा हुकूम काढला आणि १३ डिसेंबरला नेपल्समध्ये उतरून मोकळे झाले. नम्रता, शरीराची दुर्बलता, अज्ञान, लोकांचा दुष्टपणा, पूर्वीच्या शांततेची ओढ अशी कारणं दिली. सल्ला देणाऱ्यांत एक होते बेनेदेत्तो काएतानी, आणि अकरा दिवसांनी पोप झाले तेच, आठवे बोनिफेस. मग अफवा उठली की काएतानींनी रात्री म्हाताऱ्याच्या खोलीत नळीतून आवाज सोडला, ‘पद सोड’, आणि त्यांना वाटलं देवदूत बोलला! बोनिफेस यांनी सेलेस्टाइनना फुमोनेच्या किल्ल्यात कोंडून ठेवलं, तिथेच ते १२९६ मध्ये वारले, आणि पोप राजीनामा देऊ शकतो हा नियम बोनिफेस यांनीच कायद्याच्या ग्रंथात पक्का केला. आपल्या खुर्चीची वैधता त्यावर टेकलेली होती ना.

बाकीची उदाहरणं यापुढे फिकी आहेत. १४१५ मध्ये बारावे ग्रेगरी यांनी तीन पोपांचं भांडण मिटावं म्हणून कॉन्स्टन्सच्या परिषदेपुढे पद सोडलं. तो राजीनामा वाटाघाटीतला होता. त्यानंतर थेट २०१३.

तर ‘का?’ याचं उत्तर. २०२२ च्या ऑक्टोबरात, मरणाच्या दोन महिने आधी, बेनेडिक्ट यांनी आपल्या चरित्रकाराला पत्र लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी सांगितलं की मुख्य कारण निद्रानाश. २००५ च्या ऑगस्टमध्ये कोलोनच्या युवक मेळाव्यापासून त्यांना झोप लागत नव्हती. डॉक्टरांनी जालीम गोळ्या दिल्या. काही वर्षांनी त्याही पुरेनाशा झाल्या. मार्च २०१२ मध्ये मेक्सिकोच्या दौऱ्यावर पहिल्याच सकाळी पाहतात तो रुमाल रक्तानं भिजलेला. रात्री न्हाणीघरात कुठेतरी आपटून पडले असावेत, आणि त्यांना ते आठवतही नव्हतं. यानंतर नव्या डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आणि परदेशात गेलात तर कार्यक्रम फक्त सकाळचे, अशी अट घातली. जुलै २०१३ मध्ये रिओ द जानेरोला पुढचा युवक मेळावा होता. पंचाऐंशी वर्षांचा माणूस, अटलांटिक पार करायची मनाई, आणि मेळाव्यात पोप हवाच. म्हणजे त्याच्या आत दुसरा पोप यायला हवा. ही तारखेची साधी वजाबाकी आहे.

यात माझी एक भर. आधीचे पोप जॉन पॉल दुसरे यांची शेवटची वर्षं रात्झिंगर यांनी, म्हणजे पुढे बेनेडिक्ट झालेल्या कार्डिनलांनी, अगदी जवळून पाहिली होती. कंपवात, व्हीलचेअर, २००५ च्या फेब्रुवारीत घशाला छिद्र. ते दिवस जगाला भावले, आणि भावावेत असेच होते. पण पोपचा हात चालेनासा झाला की सही कुणाची चालते, हे कार्यालयात बसलेल्या माणसाला दिसतं. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे, साक्ष नव्हे.

दुसरा प्रश्न, पोपला कुणी भाग पाडू शकतं का? कायद्यानं नाही. पोपचा न्यायनिवाडा कुणी करू शकत नाही, हे कलम १४०४. पण कायद्यात एक मोठं भोक आहे, आणि खरं तर अफवांपेक्षा लोकांनी त्याच्याकडे पाहायला हवं. पोप बेशुद्ध पडले आणि वर्षभर तसेच राहिले तर? राजीनामा देता येणार नाही, काढता येणार नाही. कलम ३३५ म्हणतं की अशा वेळी खास कायद्याप्रमाणे वागावं. तो खास कायदा कधी केलाच गेला नाही. इटलीतल्या काही कायदेतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मसुदा तयार करून दिला, पण अजून तो कायदा झालेला नाही.

फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२२ मध्ये एका स्पॅनिश दैनिकाला सांगितलं की, निवडून आल्या वर्षीच त्यांनी एक पत्र सही करून तेव्हाचे राज्यसचिव बेर्तोने यांच्याकडे दिलं होतं: वैद्यकीय कारणानं मी अक्षम झालो तर हा माझा राजीनामा. सहाव्या पॉल यांनीही १९६५ मध्ये असंच पत्र लिहून ठेवलं होतं. माणूस म्हणून मला हे आवडतं. वकील म्हणून मी डोकं धरतो. ‘अक्षम झाले’ हे ठरवणार कोण? किती दिवसांनी? मंजुरी कुणी द्यायची नाही, मग ते पाकीट उघडायचं तरी कुणी?

या पोकळीमुळेच फ्रान्सिस यांच्या काळात दर आजारपणात चर्चा उठायची. २०२२ चा उन्हाळा आठवा. गुडघा गेलेला, व्हीलचेअर, त्यात २७ ऑगस्टला नवे कार्डिनल नेमायचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी जाणार कुठे, तर लाक्विलाला, सेलेस्टाइन यांच्या समाधीपाशी! सगळ्यांनी हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला. मीही मांडला होता. त्या कॉन्सिस्टरीत आपल्या गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेराव कार्डिनल झाले, गोव्याला पहिल्यांदाच हा मान मिळाला. आणि दुसऱ्या दिवशी फ्रान्सिस लाक्विलाला जाऊन, प्रार्थना करून, परत आले.

मग २०२५. १४ फेब्रुवारीला ते जेमेल्ली रुग्णालयात दाखल झाले, दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया. २४ तारखेला राज्यसचिव पारोलिन त्यांच्या खोलीत जाऊन आले, आणि पाठोपाठ पत्रक निघालं: संतपदाच्या प्रकरणांसाठी कॉन्सिस्टरी बोलवायचं पोपनी ठरवलं आहे, तारीख नंतर कळवू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला संतपदाची कॉन्सिस्टरी कशाला हवी? बेनेडिक्ट यांनी नेमक्या अशाच बैठकीत कागद वाचला होता! माझा फोन दोन दिवस थांबला नाही. मी प्रत्येकाला सांगत होतो की अशा बैठका नेहमीच्याच असतात, आणि सांगताना माझीच खात्री नव्हती.

फ्रान्सिस ३८ दिवसांनी घरी आले आणि २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप असतानाच वारले. ती कॉन्सिस्टरी झाली १३ जूनला. अध्यक्षस्थानी लिओ चौदावे होते. त्यांनी आठ जणांच्या संतपदाच्या तारखा ठरवल्या. त्यांत व्हेनेझुएलाचे एक डॉक्टर होते, गरिबांना फुकट तपासणारे. तारखा वाचून झाल्या आणि कार्डिनल उठले.